कुठल्या उंचीवर थांबायचं?

आमच्या गांधीबागेच्या ठोक बाजारात कापड घ्यायला आलेला माणूस तीन गोष्टी विचारतो: पन्हा किती, भाव काय आणि उधारी किती दिवसांची. ताके उलगडतात, हमाल गाठी उचलतात, ई-रिक्षावाले बोळात अडकतात. या बाजारात वाढलेल्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट आधी कापड म्हणून दिसते. म्हणून फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्याच्या शीतल महाजन यांनी थायलंडमधल्या पटाया इथे नऊवारी नेसून सुमारे १३,००० फुटांवरून उडी मारली, तेव्हा आमच्याकडे उंचीची चर्चा नंतर झाली. आधी चर्चा झाली ती एवढ्या वाऱ्यात लुगडं राहिलं कसं याची.

पॅराशूटही शेवटी कापडच. पातळ नायलॉन, पण थोड्या थोड्या अंतरावर जाड धाग्याची चौकट घातलेलं, म्हणजे कुठे फाटलंच तर चीर पुढे पळत नाही. त्या कापडाच्या भरवशावर माणूस विमानाच्या उघड्या दारातून पाऊल बाहेर टाकतो. आपण खालून टाळ्या वाजवतो आणि म्हणतो, काय धाडस आहे!

मला त्या टाळ्यांबद्दल बोलायचंय. आपण त्या नेमक्या कशाला वाजवतो? दारातून बाहेर पडण्याला? मग दारातून बाहेर पडणारा प्रत्येक जण धाडसी ठरतो, आणि दारातून परत आत येणारा प्रत्येक जण भित्रा. गेली काही वर्षं आपल्या पिढीला हेच शिकवलं जातंय. शीतपेयाच्या जाहिरातीपासून रीलवरच्या मोटिव्हेशनवाल्या दादापर्यंत सगळे एकच सांगतात: उडी मार. थांबायचं कधी, हे कोणी सांगत नाही.

आकाशातून उडी मारणारे लोक मात्र सांगतात. त्यांच्या शिक्षणाचा बराच मोठा भाग थांबण्याबद्दलच असतो.

आधी वर काय होतं ते पाहू. १३,००० फुटांवरून उडी मारली की साधारण एक मिनिट माणूस मोकळा पडत असतो. पोट जमिनीकडे ठेवून पडला तर वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणजे हजार फूट संपायला साडेपाच सेकंद. मनगटावरचं किंवा छातीवरचं यंत्र उंची दाखवत असतं. ठरलेल्या उंचीला मुख्य पॅराशूट उघडायचं. बहुतेक वेळा ते नीट उघडतं. कधीतरी उघडत नाही, किंवा दोऱ्या गुंततात, किंवा कापडाला पीळ पडतो. पाठीवर दुसरं, राखीव पॅराशूटही असतं. पण ते वापरायचं तर आधी बिघडलेलं मुख्य पॅराशूट तोडून सोडून द्यावं लागतं, नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकण्याची भीती.

इथे माणसाची खरी परीक्षा असते. डोक्यावर अर्धवट उघडलेलं कापड आहे. थोडं झटकलं, दोऱ्या ओढल्या, तर कदाचित उघडेल. ‘अजून दोन सेकंद बघू.’ त्या दोन सेकंदांत उंची संपत असते, आणि गंमत अशी की धडपड करणाऱ्या माणसाला वेळ जातोय हे जाणवतच नाही. हात कामात असले की मन म्हणतं, आपण काहीतरी करतोय ना!

यावर या खेळाने शोधलेला उपाय फार साधा आहे. त्याला म्हणतात निर्णयाची उंची. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नियमांत शिकाऊ आणि पहिल्या परवान्याच्या लोकांसाठी ती २,५०० फूट आहे, अनुभवी लोकांसाठी १,८०० फूट. त्या उंचीपर्यंत मुख्य पॅराशूट ठीक झालं नाही, तर ते सोडायचं आणि राखीव उघडायचं. ‘थोडंसंच राहिलंय’ हे कारण चालत नाही. पूर्ण वेगाने पडणाऱ्या माणसासाठी २,५०० फूट म्हणजे जेमतेम तेरा-चौदा सेकंद. तेवढ्यात विचार करता येत नाही, म्हणून विचार जमिनीवर करून ठेवायचा आणि वर फक्त तो पाळायचा.

गांधीबागेतले आमचे एक काकाजी, कापडाचे व्यापारी, हीच गोष्ट उधारीबद्दल सांगतात. ‘कोणाले किती द्याचं ते गिऱ्हाईक याच्या पयले ठरवाचं. समोर बसलं, चहा झाला, का मंग आकडा वाढत जाते.’ काकाजी कधी विमानातही बसले नाहीत. पण पडता पडता घेतलेला निर्णय आणि पडण्याआधी घेतलेला निर्णय यांतला फरक त्यांना पक्का ठाऊक आहे.

आता आकाशातून खाली येऊन टीव्हीसमोर बसू, कारण हीच परीक्षा तिथे आपल्यासमोर मांडली जाते.

२०१९ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’च्या अकराव्या पर्वात अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे हॉटसीटवर बसल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या, मानधन महिन्याला १,५०० रुपये. त्या एक कोटी जिंकल्या. त्यानंतर सात कोटींचा प्रश्न आला आणि त्यांनी खेळ सोडला.

त्या क्षणाचा हिशेब मांडून बघा. चुकल्या असत्या तर एक कोटीवरून थेट ३ लाख २० हजारांवर आल्या असत्या. १,५०० रुपये महिन्याने तो फरक भरून काढायला ५३७ वर्षं लागतात. पण दुसरा हिशेबही आहे. समजा उत्तर अजिबात माहीत नाही आणि चार पर्यायांतला एक डोळे मिटून लावला. सात कोटींचा चौथा हिस्सा पावणेदोन कोटी, अधिक ३ लाख २० हजारांचा पाऊण हिस्सा. सरासरी निघते सुमारे १ कोटी ७७ लाख. म्हणजे अंदाजाने उत्तर देणाऱ्याला, सरासरीने, सोडून जाणाऱ्यापेक्षा जास्त मिळतं! मग सोडणं चूक होती का?

इथे सरासरी कोणाची, हे विचारावं लागतं. हजार बबिताताई हजार हॉटसीटवर बसल्या असत्या आणि शेवटी सगळ्यांनी पैसे वाटून घेतले असते, तर ती सरासरी खरी झाली असती. पण हॉटसीट एक, बाई एक, संधी एक. चारातल्या तीन शक्यतांत त्या ३ लाख २० हजार घेऊन घरी गेल्या असत्या, आणि सरासरीने येऊन त्यांच्या घराचं भाडं भरलं नसतं. सरासरी वाहिनीच्या कामाची, विमा कंपनीच्या कामाची. पडणारा माणूस सरासरीने पडत नाही. तो एकटा पडतो, आणि एकदाच.

म्हणून त्यांचं सोडणं मला त्या खेळातली सगळ्यात धीराची गोष्ट वाटते. समोर अमिताभ बच्चन, दिवे, संगीत, टाळ्या वाजवायला बसलेले लोक. ती सगळी मांडणी पुढे जायला उद्युक्त करणारी आहे. तिथे ‘बास’ म्हणायला जीभ वळणं सोपं नाही.

कोणी म्हणेल, मग उडीच मारू नका ना! घरी बसा. सगळ्यात सुरक्षित निर्णयाची उंची म्हणजे जमीन.

हा आक्षेप टाळता येणार नाही. पॅराशूट घेऊन उडी मारायची कोणाला गरज नसते. त्यातून पूल बांधला जात नाही, पीक येत नाही. तरी माणसं मारतात, आणि ती सगळी वेडी नाहीत. ज्या शरीराला आपण रोज लोकलमध्ये, बसमध्ये, खुर्चीत कोंबतो, त्याला एक मिनिट सगळं आकाश मिळणं याची काही किंमत आहे. सुरक्षिततेला सगळ्यांच्या वर बसवलं तर लग्न, मूल, धंदा, प्रेमपत्र, सगळंच रद्द करावं लागेल. आमचा बाजारही दिवाळीआधी उधारीवर माल भरून बसतो, तो विकला जाईल या भरवशावर. ॲरिस्टॉटलने धैर्य हे भित्रेपणा आणि बेदरकारपणा यांच्या मध्ये ठेवलं होतं. ते मध्ये आहे हे कळायला सोपं. पण मध्य नेमका कुठे, हे ओळखायचं कसं? मला वाटतं, निर्णयाची उंची हे त्या प्रश्नाचं हातात धरता येण्यासारखं उत्तर आहे. धाडसी आणि बेदरकार, दोघेही उडी मारतात. धाडसी माणसाला विचारलं, ‘कुठे थांबणार?’ तर त्याच्याकडे आकडा असतो.

आणि आकडा असणं पुरत नाही, तो पाळावा लागतो. या खेळात तीन कड्यांची एक साधी रचना आहे, जिच्यामुळे बिघडलेलं पॅराशूट एका ओढीत सुटतं. ती शोधणाऱ्या बिल बूथ यांच्या नावाने एक नियम सांगितला जातो: साधनं जितकी सुरक्षित होतील तितके लोक जास्त धोके पत्करतील, आणि मृत्यूचं प्रमाण तेवढंच राहील. नियमाचा शेवटचा भाग सुदैवाने पूर्ण खरा ठरला नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत वर्षाला सरासरी चाळीसहून जास्त माणसं या खेळात मरत. २०२३ मध्ये सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि १० मृत्यू झाले. पण पहिला भाग अंगावर काटा आणतो. आज या खेळात मरणाऱ्यांपैकी अनेक जण पूर्ण उघडलेल्या, काहीही बिघाड नसलेल्या पॅराशूटखाली मरतात. जमिनीजवळ वेगात वळण घेण्याची हौस त्यांना महागात पडते. कापडाने त्यांना दगा दिला नव्हता. उलट कापड इतकं चांगलं झालं की त्यावरचा विश्वास वाढत वाढत जमिनीपर्यंत आला.

आणखी एक गोष्ट आपल्या टाळ्यांना अवघड करते. १८ एप्रिल २००४ रोजी शीतल महाजन यांनी उत्तर ध्रुवावर उडी मारली. ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती, आधी सरावाची एकही उडी नाही. हेलिकॉप्टर सुमारे २,४०० फुटांवर, खाली बर्फ, तापमान शून्याखाली ३७ अंश. पुढे दक्षिण ध्रुव झाला, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, शेकडो उड्या झाल्या, नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी झाली. आज ती पहिली उडी एका मोठ्या प्रवासाची सुरुवात म्हणून सांगितली जाते. पण त्या दिवशी काही बिघडलं असतं तर? तीच मुलगी, तोच निर्णय, तेच बर्फ. आपणच चहा पिता पिता म्हणालो असतो, ‘काय गरज होती?’

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये या प्रकाराला ‘नैतिक नशीब’ असं नाव दिलं. माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टीवरून आपण त्याला चांगला किंवा वाईट ठरवतो, हे बरोबर कसं? मला वाटतं, बरोबर नाही. निर्णयाचं मोल जमिनीवर उतरल्यानंतर ठरवायचं नसतं. दारात उभं असताना काय माहीत होतं, काय तयारी होती आणि पणाला काय लावलं होतं, यावरून ते ठरायला हवं. त्या दारात शीतल महाजन यांनी मनात कोणता हिशेब केला हे त्याच जाणोत. पण त्यांनी स्वतःला पणाला लावलं होतं, दुसऱ्या कोणाला नाही, एवढं तर नक्की.

की तेवढंही नक्की नसतं? माणूस कधी फक्त स्वतःला पणाला लावतो का?

या प्रश्नावरची आपल्याकडची सगळ्यात चांगली गोष्ट विदर्भातलीच आहे. महाभारताच्या वनपर्वात द्यूतात सगळं हरून बसलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी नळाची कथा सांगतात. नळ आपला भाऊ पुष्कर याच्याशी फासे खेळायला बसतो. दिवस जातात, महिने जातात, तो हरत राहतो. मंत्री येतात, नगरातले लोक दाराशी येतात, तो वर बघत नाही. अर्धवट उघडलेलं पॅराशूट झटकत बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. पुढचा डाव आपला, पुढचा नक्की.

दमयंतीला ते दिसतं. ती रडत बसत नाही, वार्ष्णेय नावाच्या सारथ्याला बोलावते, दोन्ही मुलांना रथात बसवते आणि आपल्या माहेरी, विदर्भाच्या राजाकडे कुंडिनपुराला पाठवून देते. अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं कौंडिण्यपूर म्हणजेच ते कुंडिनपूर असं मानतात. नळ फासे टाकत असताना तिने राखीव पॅराशूट उघडलेलं असतं. या कथेतली निर्णयाची उंची तिला कळते, आणि ती पाळतेही तीच. राजाला ती दिसत नाही, कारण तो पडतोय.

सगळं हरल्यावर पुष्कर हसून म्हणतो, आता दमयंतीला लाव. नळ लावत नाही. अंगावरच्या एका वस्त्रानिशी बाहेर पडतो. युधिष्ठिर जिथे थांबला नाही, तिथे नळ थांबला. उशिरा, पण थांबला. पुढे ऋतुपर्ण राजाकडून तो फाशांची विद्या शिकतो, परत येतो आणि एका डावात राज्य जिंकतो. पण त्या शेवटच्या डावात तो मिळवलेल्या धनासोबत दमयंतीलाही पणाला लावतो. आता त्याला विद्या येते, जिंकणार याची खात्री आहे, हे सगळं खरं. तरी मला ते खटकतं. कौशल्य आलं म्हणून दुसऱ्याचं आयुष्य पणाला लावायचा हक्क येत नाही. बूथचा नियम इथेही लागू पडतो: साधन चांगलं झालं, की पण मोठा होतो.

आता हे सगळं तुमच्या-माझ्या हातातल्या फोनपर्यंत येतं. आपल्यातले फार थोडे कधी विमानाच्या दारात उभे राहतील. हॉटसीटवर तर त्याहून थोडे. पण फोनमध्ये उडी मारायचं बटण प्रत्येकाकडे आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणारे एक कोटीहून जास्त सामान्य लोक होते आणि त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. २०२३-२४ मध्ये या लोकांपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते. आणि मला सगळ्यात जास्त छळणारा आकडा हा: लागोपाठ वर्षं तोटा होऊनही तीन-चतुर्थांशांहून जास्त जण खेळत राहिले.

ती माणसं मूर्ख नव्हती. ती पडत होती, आणि पडताना हात कामात होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, पण कायदा प्रत्येक दारावर उभा राहू शकत नाही. स्कायडायव्हिंगमध्ये सगळी व्यवस्था तुम्ही वेळेत थांबावं म्हणून रचलेली असते. मनगटावर उंची दिसते, प्रशिक्षक तुमच्याकडून आकडा वदवून घेतो, आणि तुम्ही शुद्ध हरपलीच तर ठरावीक उंचीला राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं यंत्र पाठीवर असतं. फोनमधली व्यवस्था तुम्ही थांबू नये म्हणून रचलेली आहे. तिथे उंची दिसत नाही, फक्त पुढचा डाव दिसतो. आणि पणाला लागलेला पैसा क्वचितच एकट्याचा असतो. बाबांची एफडी असते, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले असतात, मित्राकडून दोन दिवसांसाठी घेतलेले असतात. दमयंतीला कोणी विचारलेलं नसतं.

म्हणून धाडसाबद्दल मला एवढंच म्हणायचंय. जोखीम घ्या. शहर सोडा, धंदा टाका, जमलंच तर आकाशातूनही उडी मारा. पण दारात उभं राहण्याआधी, जमिनीवर असताना, शांत डोक्याने दोन गोष्टी कागदावर लिहा: कुठल्या आकड्याला थांबणार, आणि या डावात आपल्याशिवाय कोणाकोणाचं काय लागलंय. ज्यांचं लागलंय, त्यांना तो कागद दाखवा. त्यांनी ‘नको’ म्हटलं तर ते ऐकण्याची तयारी ठेवा, कारण तुमचा सारथी कदाचित त्यांनाच आधी बोलवावा लागेल.

आणि कोणी थांबलेला दिसला, एक कोटीवर, पहिल्याच तोट्यावर किंवा विमानाच्या दारातून परत आत आलेला, तर त्याच्यासाठीही टाळ्या वाजवूया. सध्या त्या फार कमी वाजतात.